खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी स्किमर निवडताना

घरगुती मत्स्यालयाविषयी आलेल्या पत्रांत या वेळी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांविषयीची पत्रे बरीच आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा रोख प्रोटीन स्किमरवर, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण फेसाच्या रूपाने बाहेर काढणाऱ्या उपकरणावर, आहे. हे उपकरण महाग, ते निवडण्यात गोंधळ अधिक आणि दुकानोदुकानी मिळणारे सल्ले परस्परविरोधी, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. त्यामुळे या अंकातील सदर याच एका विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी असून खालच्या कॅबिनेटमध्ये २४ × १२ × १४ इंचांचा संप, म्हणजे वरच्या टाकीला जोडलेली दुसरी टाकी, आहे. दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि एक डॅमसेल असे चार मासे आहेत. आणखी दोन लहान मासे घेण्याचा विचार आहे. एका दुकानदाराने '१००० लिटर' क्षमतेचा स्किमर सुचवला. स्किमर मोठा असलेला कधीही चांगला, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्याने '३०० लिटर'चा पुरेल असे सांगितले. किमतीत दुपटीहून अधिक फरक आहे. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रथम आपल्याकडे पाणी नेमके किती आहे ते पाहू. टाकीचे आकारमान ६.७५ घनफूट, म्हणजे सुमारे १९१ लिटर होते. काचेची जाडी, वरची मोकळी सोडलेली दोन बोटे, वाळू आणि खडक वजा केले की टाकीत प्रत्यक्ष पाणी १५० लिटरच्या आसपास राहते. संपमध्ये आठ इंच पाणी धरले तर तेथे आणखी ३८ लिटर मिळतात. म्हणजे एकूण पाणी १९० लिटरच्या आतच आहे. हिशेबाची सुरुवात या आकड्यापासून करावी. परंतु स्किमरवर पडणारा भार पाण्यापेक्षा माशांची संख्या, त्यांचा आकार आणि त्यांना दिले जाणारे खाद्य यांवर अधिक अवलंबून असतो, हे विसरू नये. आपले सहा लहान मासे म्हणजे या पाण्याच्या मानाने मध्यम भार होय.

स्किमर काय करतो हे समजले की खोक्यावरच्या आकड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य, शेवाळ आणि सूक्ष्मजीव यांच्यापासून पाण्यात जी सेंद्रिय द्रव्ये उतरतात, त्यांतील पुष्कळशा रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर दुसरे पाण्यापासून दूर राहू पाहते. अशा रेणूंना हवा आणि पाणी यांच्या सीमेवर, म्हणजे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर, सोयीची जागा सापडते. बुडबुडे जितके बारीक आणि जितके अधिक, तितका हा पृष्ठभाग मोठा. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. त्यामुळे मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान बुडबुडे टिकतात, संथपणे वर चढतात, स्किमरच्या वरच्या नळीत, म्हणजे मानेत, दाटीने साचतात आणि त्यांचा फेस तिच्यावरच्या कपात सांडतो. पावसाळ्यात कोकणकिनाऱ्यावर लाटांबरोबर येणारा पिवळट फेस याच क्रियेने तयार होतो. गुऱ्हाळात रस आटण्यापूर्वीच काहिलीवर आलेली मळी काढून टाकतात, त्याप्रमाणे ही द्रव्ये कुजून त्यांचे अमोनिया आणि पुढे नायट्रेट होण्यापूर्वीच स्किमर त्यांना पाण्याबाहेर काढतो. एकदा तयार झालेले अमोनिया, नायट्राइट किंवा नायट्रेट मात्र त्याला काढता येत नाही. नायट्रेट ४० पीपीएमवर (दहा लाख भागांत ४० भाग) अडकले आहे म्हणून मोठा स्किमर घेणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच; तेथे पाणी बदलणे आणि खाद्य कमी करणे हाच उपाय आहे.

स्किमरच्या शक्तीलाही मर्यादा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ आणि २०१० मध्ये निरनिराळ्या बनावटींचे स्किमर मोजमाप करून तपासले. मत्स्यालयाच्या पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच भाग स्किमरच्या हाती लागतो आणि उरलेला, उपकरण कितीही वेळ चालवले तरी, पाण्यातच राहतो, असे त्यांना आढळले. तपासलेल्या स्किमरांच्या कामगिरीतला फरकही जाहिरातींवरून वाटतो तितका मोठा निघाला नाही. माझ्या मते खरेदीला निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण एका नामांकित स्किमरच्या जागी दुसरा अधिक नामांकित स्किमर घेण्यासाठी मोजलेले जादा पैसे बहुधा पाण्यात दिसत नाहीत.

आता लिटरच्या आकड्याकडे येऊ. हा आकडा कोणत्याही सर्वमान्य कसोटीने ठरत नाही. तो उत्पादक स्वतः ठरवतो. काही उत्पादक माशांचा भार हलका, मध्यम आणि जड धरून तीन वेगळे आकडे देतात. खोक्यावर ठळक छापला जातो तो बहुधा हलक्या भाराचा, म्हणजे सर्वांत मोठा आकडा. म्हणून आपल्या दुसऱ्या दुकानदाराला एवढेच विचारावे की त्यांचे ३०० लिटर कोणत्या भारासाठी आहेत. मध्यम किंवा जड भारासाठी असतील, तर तो स्किमर आपणांस पुरेल. तीन आकडे दिलेले नसतील, तर एकूण पाण्याच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे आपल्या बाबतीत ३०० ते ४०० लिटर क्षमतेचा स्किमर घ्यावा.

'मोठा कधीही चांगला' हे मात्र खरे नाही. फेस मानेत टिकून राहण्यासाठी बुडबुड्यांवर सेंद्रिय द्रव्यांचा थर बसावा लागतो. रुंद मानेच्या मोठ्या स्किमरला आपल्या चार-सहा माशांच्या टाकीत तेवढे द्रव्यच मिळत नाही. मग फेस मानेच्या खालच्या भागात येऊन फुटतो, दोन-दोन दिवस कप कोरडा राहतो आणि मालक स्किमरमधील पाण्याची पातळी ठरवणारी झडप फिरवत बसतो. रुंद मानेपेक्षा टाकीला साजेशी मान असलेल्या स्किमरमध्ये फेस अधिक स्थिर राहतो. १००० लिटरच्या स्किमरचा विषय आपण येथेच सोडावा.

दुकानात जाण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन कॅबिनेट उघडावे, कारण स्किमर निवडताना सर्वाधिक चुका होतात त्या मापाच्या. संपमधील ज्या कप्प्यात स्किमर ठेवायचा आहे, त्याची आतली लांबी-रुंदी मोजावी. आपला संप १२ इंच रुंद असला तरी मधल्या काचांमुळे कप्पा प्रत्यक्षात आठ-नऊ इंचांचाच उरतो. त्यानंतर त्या कप्प्यात पाणी किती खोल राहते ते पाहावे. प्रत्येक स्किमर ठरावीक खोलीच्या पाण्यातच नीट चालतो. माहितीपत्रकात ती खोली, उदाहरणार्थ १६ ते २० सेंटिमीटर अशी, दिलेली असते. पाणी जास्त असेल तर स्किमरखाली ॲक्रिलिकचा पाट ठेवता येतो. कमी असेल तर मात्र संपमधल्या काचेची उंचीच वाढवावी लागते. शेवटी स्किमरच्या उंचीत कप वर उचलून काढण्यासाठी लागणारे चार-पाच इंच मिळवावे आणि मग ती बेरीज कॅबिनेटच्या छतापर्यंतच्या अंतराशी ताडून पाहावी. स्टँडला लोखंडी चौकट असेल तर तिची आडवी पट्टी नेमकी कपाच्या डोक्यावर येते. जो कप काढायला दर वेळी स्किमर तिरपा करावा लागतो, तो कप महिन्याभराने धुतला जात नाही.

प्रकारांबद्दल थोडक्यात लिहितो. आपल्याकडे संप आहे, तेव्हा टाकीच्या मागे लटकवायचा स्किमर घेण्याचे कारण नाही. लाकडी एअरस्टोनवर चालणारे जुन्या पद्धतीचे स्किमर अजूनही मिळतात आणि ते कामही करतात. परंतु तो लाकडी ठोकळा महिना-दोन महिन्यांनी बदलावा लागतो आणि बदलला नाही तर बुडबुडे मोठे होत जातात. आज बहुतेक स्किमर नीडल-व्हील पद्धतीचे असतात. त्यांच्या पंपाच्या इम्पेलरला, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाला, पात्यांऐवजी सुया असतात. व्हेंच्युरीतून, म्हणजे पाण्याच्या वेगाने हवा खेचणाऱ्या अरुंद तोंडातून, ओढलेली हवा त्या सुयांवर आपटून बारीक होते. आपण हाच घ्यावा. १५ वॅटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला सुमारे ११ युनिट वीज लागते, हाही हिशेब मनात ठेवावा. इम्पेलरचा सुटा भाग ज्या दुकानात सहज मिळतो, त्या दुकानाकडे असलेला स्किमर घेणे केव्हाही शहाणपणाचे ठरते, मग त्याचे नाव कमी प्रसिद्ध असले तरी चालेल.

प्रश्न : नवा स्किमर बसवून आठवडा झाला. पहिले तीन दिवस कप पाण्याने भरून वाहत होता. आता फेस मानेपर्यंतही येत नाही. उपकरण सदोष आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही. कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकवर तेलकट थर असतो आणि तो धुऊन जाईपर्यंत फेसाचे वर्तन अनिश्चित राहते. यास काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. पांढऱ्या व्हिनेगरच्या पातळ मिश्रणात पंपासह उपकरण काही तास चालवून नंतर साध्या पाण्याने धुतले, तर हा काळ कमी होतो.

आपण पत्रात लिहिले आहे की त्याच सुमारास नव्या पाण्यात क्लोरीन काढण्याचे औषध घातले होते आणि सुटलेले खडक इपॉक्सी पुट्टीने चिकटवले होते. या दोन्ही गोष्टींनी स्किमर उसळतो. क्लोरीन काढणाऱ्या ज्या औषधांत माशांच्या त्वचेवरील बुळबुळीत थर जपणारी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यांचा परिणाम तर दोन-तीन दिवस टिकतो. पुढील वेळी आरओचे पाणी वापरावे, म्हणजे त्या औषधाची गरजच पडणार नाही.

आता फेस येत नाही त्याची कारणे वेगळी असू शकतात. टाकी नवी असेल आणि मासे दोनच असतील, तर पाण्यात काढण्याजोगे फारसे काही नसेल. खाद्यातील तेलामुळेही फेस काही तास मोडतो. गोठवलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी गाळून टाकले तर हा त्रास बराच कमी होतो. हातांना तेल किंवा मलम लावलेले असताना टाकीत हात घातला, तरी हाच प्रकार दिसतो.

स्किमर लावताना पुढील क्रम ठेवावा. पाण्याची खोली उत्पादकाने दिलेल्या मापाच्या मध्यावर आणावी. झडप पूर्ण उघडावी, म्हणजे आतील पाणी खाली राहील. मग ती थोडी-थोडी बंद करत फेस आणि पाणी यांची सीमा मानेच्या पायथ्याशी आणून सोडावी आणि निदान अर्धा दिवस हात लावू नये. दर तासाला झडप फिरवणाऱ्याचा स्किमर कधीच नीट लागत नाही. फेस चहासारखा पातळ निघत असेल तर मिठाचे पाणी वाया जाते आणि ते भरून काढताना गोडे पाणी घातले गेले तर क्षारता उतरते. काळपट घट्ट निघत असेल तर काम संथ होते आणि मान लवकर माखते. या दोहोंच्या मधली स्थिती घरगुती टाकीला बरी. पाण्याची विशिष्ट घनता (क्षारतेचे माप) १.०२५ च्या आसपास आहे ना, हे मात्र या काळात दिवसाआड पाहावे.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीहून दिवाळीत येणार आहे. तिकडे स्किमर स्वस्त मिळतो, म्हणून त्याला आणायला सांगावे का? येथे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर लावला तर चालेल, असे एका मित्राने सांगितले. — एक वाचक, नागपूर

उत्तर : मित्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असते. आपल्याकडे ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे. ट्रान्स्फॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मत्स्यालयातील एसी पंप विजेच्या हर्ट्झनुसार फिरतात; ६० हर्ट्झला जो मिनिटाला ३६०० फेरे घेतो, तो आपल्याकडे ३००० फेरे घेतो. वेग सहाव्या हिश्शाने घटला की ओढली जाणारी हवा त्याहून अधिक प्रमाणात घटते, आणि स्किमरमध्ये हवा हेच तर सारे भांडवल. उत्पादक दोन्ही प्रकारच्या विजेसाठी पुष्कळदा वेगवेगळे इम्पेलर बसवतात, ते याच कारणाने. तेव्हा एसी पंपाचा स्किमर मुळीच मागवू नये.

डीसी पंपाचा स्किमर मात्र आणता येईल. त्याच्या ॲडॉप्टरवर '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे छापलेले आहे ना, याचे छायाचित्र खरेदीपूर्वी भावाकडून मागवावे. केवळ संकेतस्थळावरील वर्णनावर विसंबू नये. बिघाड झाल्यास वॉरंटी येथे चालेलच असे नाही आणि कंट्रोलर गेला तर स्वस्ताईचा सारा हिशेब उलटा पडतो. स्किमरचा आकार पाहता विमानातील सामानात तो नेणे गैरसोयीचे आहे, हेही भावाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

नागपूरच्या उन्हाळ्याचा येथे संबंध येतो, म्हणून एक गोष्ट जोडतो. पाण्यात बुडालेला प्रत्येक पंप त्यात उष्णता सोडतो. खाऱ्या पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवायचे असते आणि आपल्याकडे मे महिन्यात ते चिलरशिवाय साधत नाही. तेव्हा दोन स्किमर इतर बाबतींत सारखेच असतील तर कमी वॅटचा घ्यावा. पाणी गरम झाले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात स्किमर रात्री बंद ठेवण्याची चूक करू नये.

कोणताही स्किमर असो, त्याची वायर प्लगपर्यंत सरळ वर नेऊ नये. ती आधी प्लगच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे खारे पाणी झोळात गळून पडते. त्या सॉकेटच्या मागे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा आणि अर्थिंग तपासून घेतलेले असावे. या खर्चात काटकसर नको.

प्रश्न : आमच्याकडे वीज वारंवार जाते. वीज परत आली की स्किमरचा कप भरून वाहतो आणि आठवडाभर साठलेली घाण पुन्हा टाकीत जाते. काय करावे? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : वीज गेली की वरच्या टाकीतील काही पाणी ओव्हरफ्लो पाइपातून संपमध्ये उतरते आणि तेथील पातळी वाढते. वीज येताच स्किमर त्या वाढलेल्या पाण्यातच सुरू होतो, रिटर्न पंपाने पाणी वर चढवीपर्यंत तो उसळतो, आणि तेवढ्या दोन-तीन मिनिटांत कप भरतो. उपाय स्वस्त आहे : स्किमरच्या सॉकेटवर वीज आल्यानंतर उशिरा चालू करणारा टायमर बसवावा. फ्रिज किंवा एसीच्या संरक्षणासाठी जे मिळतात, त्यांतील पाच मिनिटांचा विलंब देणारा येथे चालतो; मात्र इतक्या कमी वॅटवर तो नीट चालतो ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. डीसी स्किमर घेणार असाल तर असा विलंब पुष्कळदा त्याच्या कंट्रोलरमध्येच असतो.

कपाच्या तळाला नळी जोडून ती बाहेरच्या बाटलीत सोडणारे पुष्कळ आहेत. तसे करायचे असल्यास बाटली भरली की फ्लोट वर येऊन हवेचा मार्ग बंद होईल अशी घ्यावी, अन्यथा घाण टाकीऐवजी फरशीवर येते एवढाच फरक. वीज दीर्घकाळ जाणार असेल तर इन्व्हर्टरवर स्किमरऐवजी रिटर्न पंप किंवा बॅटरीचा एअरपंप ठेवावा. त्या वेळी माशांना हवी असते पाण्याची हालचाल. फेस चार तास निघाला नाही तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : आमच्या घरात एसीमुळे खिडक्या दिवसभर बंद असतात. टाकीचा पीएच ७.८ च्या वर जात नाही. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली तर पीएच वाढतो, हे खरे आहे का? — एक वाचक, विलेपार्ले, मुंबई

उत्तर : होय, हे खरे आहे. बंद घरात माणसांच्या श्वासामुळे आणि स्वयंपाकाच्या गॅसमुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो. स्किमर दिवसाचे चोवीस तास तीच हवा पाण्यात घुसळत असतो. त्यामुळे तो वायू पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. नळीचे तोंड बाहेरच्या हवेत नेले तर फरक एक-दोन दिवसांतच दिसू लागतो. नळी मात्र फार लांब आणि बारीक नसावी, नाहीतर हवा कमी ओढली जाते. बाहेरच्या टोकाला जाळी बसवावी, म्हणजे मुंग्या आत शिरणार नाहीत, आणि ते टोक खाली वळवावे म्हणजे पावसाचे पाणी जाणार नाही. बाहेर नळी नेणे शक्य नसेल तर कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या सोडा-लाइमने भरलेल्या डब्यातून हवा घेण्याचा मार्ग आहे. पण सोडा-लाइम वारंवार बदलावा लागतो आणि त्याचा खर्च थांबत नाही.

आपल्या पत्रामुळे एका विषयावर लिहिण्याची संधी मिळाली, जो स्किमर विकणारे क्वचितच सांगतात. स्किमर खोलीतली हवा पाण्यात मिसळतो, याचा अर्थ त्या हवेत जे असेल तेही पाण्यात मिसळतो. डास मारण्याच्या द्रावणाचे यंत्र, कॉइल, झुरळांसाठीचा फवारा यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माणसाला सौम्य असली तरी माशांना आणि त्याहूनही कोळंबी-खेकड्यांना अत्यंत घातक आहेत. नळी खिडकीबाहेर असेल तर पावसाळ्यात महानगरपालिकेची धूरफवारणी इमारतीखाली सुरू होताच स्किमर बंद करावा आणि धूर पूर्ण विरल्याशिवाय चालू करू नये. घरात पेस्ट कंट्रोल करवून घ्यायचे असेल तर त्या दिवशी स्किमर आणि एअरपंप दोन्ही बंद ठेवून टाकीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, रिटर्न पंप चालू ठेवावा आणि नंतर काही दिवस संपमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवावी. गणपतीच्या दिवसांत टाकीच्याच खोलीत धूप आणि अगरबत्ती पेटत असेल, तर आरतीच्या वेळेपुरता स्किमर बंद ठेवलेला बरा. धुराने मासे लगेच मरतील असे नव्हे, पण तो पाण्यात घुसळून घेण्याचेही काही कारण नाही.

प्रश्न : माझी टाकी केवळ ६० लिटरची आहे. एवढ्या लहान टाकीसाठी मिळणारे स्किमर फार आवाज करतात. स्किमरशिवाय चालणार नाही का? — एक वाचक, पणजी

उत्तर : चालेल. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत खडक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्रातील खडक), सूर्यप्रकाश आणि एअरस्टोनमधून येणारे मोठे बुडबुडे एवढ्यावरच चालणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यांत स्किमर नव्हता. स्किमर आणि जिवंत खडक यांवर उभी असलेली, बर्लिनच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली ती त्यानंतर.

६० लिटरमध्ये दर आठवड्याला सात-आठ लिटर पाणी बदलले, तर जी सेंद्रिय द्रव्ये स्किमर काढतो त्यांचा एक भाग आपण त्याबरोबरच बाहेर टाकतो. शिवाय नायट्रेटही कमी होते, जे स्किमरला जमत नाही. दोन लहान माशांपलीकडे जाऊ नये आणि खाद्य बेताने द्यावे. त्या आकाराचे बहुतेक छोटे स्किमर पाण्याच्या पातळीत बोटभर फरक पडला तरी बिघडतात आणि पाणी बाष्पीभवनाने रोजच उतरते. त्यामुळे त्यांवर खर्च करण्याऐवजी चांगले मीठ आणि क्षारता मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, असे मी सुचवीन.

आपण गोव्यात राहता, तेव्हा समुद्राचेच पाणी आणावे असा विचार मनात येईल. मांडवीच्या मुखाजवळचे पाणी घेऊ नये. पावसाळ्यात नदीच्या पुरामुळे त्याची क्षारता पार उतरते आणि गाळही असतो. पावसाळा सरल्यावर नदीमुखापासून दूर, खडकाळ किनाऱ्यावरून आणलेले पाणी गाळून आणि क्षारता मोजून वापरता येईल, पण वर्षभर भरवशाचे म्हणाल तर मिठाचे मिश्रणच.

प्रश्न : गोल्डफिशच्या गोड्या पाण्याच्या टाकीला हाच स्किमर लावता येईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. गोड्या पाण्यात बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मानेत फेस धरत नाही, त्यामुळे घरगुती आकाराचे स्किमर तेथे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. गोल्डफिश घाण पुष्कळ करतात, म्हणून आपण मोठा कॅनिस्टर फिल्टर घ्यावा आणि त्यातील स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा, नळाच्या पाण्यात नव्हे. क्लोरीनमुळे त्यातील उपयुक्त जिवाणू मरतात.